उभ्या सभेचं गाऱ्हाणं

ॲजाइल म्हणजे काय, हे मला विचारू नका. मी ते पाच महिने केलं आहे, त्यामुळे मला ठाऊक नाही. ज्यांनी केलेलं नाही ते फार छान समजावून सांगतात. आमचे नितेश सर कामाची ही नवी पद्धत शिकायला पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले, तिथे त्यांना म्हणे सगळं लख्ख कळलं, पण परतीच्या एसटीत निम्मं कुंभार्ली घाटात सांडलं असावं, कारण माडीचा जिना चढून आमच्यापर्यंत जे आलं ते असं होतं: "आजपासून कोणी बसायचं नाही."

माडी हमिदा चाचीची. रत्नागिरीत राजिवड्याला, खाडीकडे तोंड करून. खाली चाची राहायची, वर आमची कंपनी. कंपनी म्हणजे नितेश सर, चित्रं काढणारी योगिनी आणि मजकूर लिहिणारा मी, अद्नान सोलकर. पूर्वी तिथे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. क्लासला मुलं येईनाशी झाली, तेव्हा सरांनी ठरवलं की मुलांनी शिक्षणाकडे यायचं नसेल तर शिक्षणच त्यांच्याकडे पाठवू. ह्याला ऑनलाइन लर्निंग म्हणतात. साल दोन हजार सात. राजिवड्यात सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास भारनियमन असायचं, म्हणजे दिवसातले सहा तास आमचं ऑफलाइन लर्निंग चालायचं; पण पाटीवर तसं कोणी लिहीत नाही.

तर लोटे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीने आम्हाला काम दिलं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांच्या गेटमधून मला अजून रोज आत जायचं असतं. तिथे व्हॉल्व्ह उघडताना एका कामगाराच्या हातावर ॲसिड उडालं होतं. हात बरा झाला, पण मुंबईच्या हेड ऑफिसला कळलं, आणि ते काही बरं होईना. त्यांनी फर्मान काढलं: सगळ्या कामगारांना सुरक्षिततेचा ऑनलाइन कोर्स द्या. लोट्याच्या ट्रेनिंग मॅनेजर दमयंती मॅडम. त्यांनी तो आमच्याकडे दिला.

नितेश सर म्हणाले, "हे काम पास झालं तर तुम्ही दोघं कायम. नाही झालं तर माडीची चावी चाचीला."

योगिनीचं ठीक होतं, तिला चित्रं काढता येतात. माझं तसं नव्हतं. माझा चुलता कुवेतला एका गोदामाचा प्रमुख आहे, आणि गेली दोन वर्षं तो माझ्या नावाचा व्हिसा गरम गरम वाढून ठेवत होता. आमचे अब्बा, वजीर सोलकर, तीस वर्षं बोटीवर होते. त्यांच्या मते माणसाने एकदा तरी देश सोडावा, नाहीतर त्याला भूक कशाची लागली ते कळत नाही. ते म्हणाले, "रमजान ईदपर्यंत तुला कायम केलं तर राहा. नाय केलं तर शिरखुर्मा पी आणि विमानात बस."

कुवेतविरुद्ध माझं काही नाही. पण तिथे मी जन्मभर चुलत्याचा पुतण्या म्हणून ओळखला गेलो असतो. इथे निदान वाया गेलेला मुलगा म्हणून माझी स्वतःची अशी ओळख होती.

असो. कोणी बसायचं नाही इथपर्यंत आपण आलो होतो.

पद्धत अशी की रोज सकाळी दहाला सगळ्यांनी उभं राहायचं आणि प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. पंधरा मिनिटांत संपवायचं. माणूस उभा असला की कमी बोलतो, असा ह्यामागचा शोध आहे. शोध लावणारा रत्नागिरीच्या मच्छीबाजारात कधी आलेला नसावा.

पहिल्या दिवशी आम्ही तिघे खिडकीपाशी उभे राहिलो आणि एकमेकांकडे पाहू लागलो. खाली चाची तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, तांदूळ तसेच टाकले आणि धापा टाकत जिना चढून आली.

"काय झाला रे? कोण गेला?"

"कोणी नाही चाची. सभा आहे."

"उभ्याने?" चाचीने नितेश सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरांना शिक्षा करतोस काय रे? माझ्या घरात माणूस उभा राहून बोलला तर एक तो भांडायला आलेला असतो, नायतर मयताची खबर घेऊन. ह्यातला तुझा काय?"

सरांनी तिला ॲजाइल समजावून सांगितलं. चाचीने शांतपणे ऐकून घेतलं, खाली गेली, आणि एकेक करून चार खुर्च्या वर आणल्या. साठी उलटलेली बाई खुर्च्या वाहते आहे म्हटल्यावर आम्ही बसलो. बसल्यावर चहा आला. चहाबरोबर नानकटाई आली. पंधरा मिनिटांची सभा पावणेबारापर्यंत चालली, आणि तिच्यात एकच निर्णय झाला: नानकटाईत वेलची जरा जास्त झाली आहे.

शेवटी तोड निघाली. खुर्च्या मांडून ठेवायच्या आणि आपण त्यांच्या मागे उभं राहायचं. चाचीचा मानही राहिला, पद्धतही राहिली. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, कुठल्या तरी अदृश्य मंत्रिमंडळाचे आम्ही पट्टेवाले आहोत.

मग चिठ्ठ्या आल्या. पिवळ्या, आपोआप चिकटणाऱ्या. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहायचं. भिंतीवर तीन मथळे: करायचं आहे, चाललं आहे, झालं. चिठ्ठी डावीकडून सुरू होते आणि काम होईल तशी उजवीकडे सरकते. पंधरा दिवसांच्या एका टप्प्याला स्प्रिंट म्हणायचं. पुण्याच्या कोरड्या हवेत हे सगळं जमत असेल. आमच्याकडे जुलैत भिंतीला हात लावला तर हाताला पोपडा येतो आणि भिंतीला घाम. चिठ्ठ्या आपोआप चिकटायच्या तशा आपोआप सुटायच्या. सकाळी आलं की फरशीवर सगळं काम एकत्र पडलेलं. त्यातलं झालेलं कोणतं आणि राहिलेलं कोणतं हे चिठ्ठीच्या तोंडावरून ओळखायचं.

चाचीला दया आली. तिने मैद्याची खळ करून दिली. खळ अशी की ईदच्या पताका तिने लावल्या तर पुढच्या ईदला खरवडून काढाव्या लागतात. चिठ्ठ्या चिकटल्या. इतक्या चिकटल्या की 'करायचं आहे' मधलं एकही काम हलेना. आम्ही कामं पूर्ण करत होतो, पण ती पूर्ण झालेली भिंतीला मान्य नव्हती. योगिनीने ब्लेडने एक चिठ्ठी सोडवायचा प्रयत्न केला, तर चिठ्ठीबरोबर हातभर गिलावा आला. चाची खालून ओरडली, "काय पाडलास गो?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा आणि शेवटचं काहीतरी सुचवलं. म्हटलं, चिठ्ठ्या हलत नाहीत तर मथळे हलवू या. मथळे पाटीच्या पत्र्यावर लिहून खिळ्याला टांगलेले होते. आम्ही 'झालं' ही पाटी काढून डावीकडच्या खिळ्यावर लावली. एका मिनिटात सगळं काम संपलं. नितेश सरांनी भिंतीचा फोटो काढून कुरियरने दमयंती मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: प्रगती समाधानकारक आहे.

ह्याच सुमारास सखाराम गोताड आले.

पद्धतीत असं आहे की गिऱ्हाइकाचा एक माणूस कायम आपल्यात असला पाहिजे, म्हणजे त्याला काय हवं ते आपल्याला क्षणोक्षणी कळतं. सरांनी मॅडमकडे माणूस मागितला. अशा वेळी कुठलीही कंपनी ज्याच्यावाचून तिचं अडत नाही असा माणूस देते. लोट्याने सखाराम दिले. चौतीस वर्षं ऑपरेटर, ऑक्टोबरअखेर निवृत्त. रत्नागिरीत नाचणे भागात भाचीकडे उतरले, आणि रोज पावणेदहाला छत्री झटकत माडीवर हजर.

त्यांना का पाठवलं हे त्यांनीच सांगितलं. "मी शिफ्ट लवकर ताब्यात घेत नाय ना! सुटणाऱ्या मानसाला इच्यारतो, बाबा, काय केलंस, काय ऱ्हायलाय, कुटं काय बिगाडलाय? तो बोलल्याशिवाय सोडत नाय. त्याची गाडी चुकते. मग सायेब बोलतात, सखाराम, तुजा पाऊन तास फुकट जातो."

आम्ही मान डोलावली. आम्हाला तेव्हा ह्यातलं एक अक्षर महत्त्वाचं वाटलं नाही. आम्ही त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहत होतो. गिऱ्हाईक शहाणं असू शकतं ही शक्यता पुण्याच्या शिबिरात बहुधा दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर सांगितली असावी.

गिऱ्हाइकाच्या इच्छा एका साच्यात लिहून घ्यायच्या असतात: अमका म्हणून मला तमुक हवं, म्हणजे असं असं होईल. मी वही उघडून बसलो. सखाराम विचारात पडले. चांगली दहा मिनिटं गेली.

"लिव. ऑपरेटर म्हनून माला चांगला च्या हवा. म्हंजे डोळा लागनार नाय."

"काका, कोर्सबद्दल सांगा."

"कोर्सात च्या नको?"

नितेश सर म्हणाले, गिऱ्हाइकाची इच्छा बदलायची नाही, तोच पद्धतीचा आत्मा आहे. चहाला पहिला नंबर मिळाला. पंधरा दिवस खपून आम्ही सुरक्षिततेच्या कोर्सचा पहिला चालता भाग तयार केला. योगिनीची किटली अप्रतिम होती. वाफ यायची. माउसने कपावर टिचकी मारली की कप भरायचा आणि मी लिहिलेलं वाक्य उमटायचं: जागा कामगार, सुरक्षित कामगार.

आणि त्याच पंधरवड्यात उभ्या सभेचं रूप पालटलं. त्याचं असं झालं की सखाराम आल्यावरही रोज सकाळी तोच प्रकार: खुर्च्यांच्या मागे आम्ही मुके, आणि सर विचारताहेत, अडचण काय? अडचण काय? एके सकाळी सखारामांना ते पाहवलं नाही. चार माणसं उभी आहेत, अडचण विचारली जाते आहे, आणि कोणी बोलत नाही, हे त्यांच्या गावात कधी घडलं नव्हतं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले, डोळे मिटले, आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल असा सूर लावला:

"बा देवा म्हाराजाऽऽ! आज ही जी लेकरां ह्या माडीवर उबी हायेतऽऽ"

"होय म्हाराजा!" योगिनी बोलून गेली. तिचा इलाज नव्हता. ती वाक्याच्या त्या जागी जन्मापासून तेच म्हणत आली होती.

"त्यातल्या ह्या पोरीनं काल जां किटलीचा चित्र काडलान, तां गोड मानून घे रे म्हाराजाऽऽ"

"होय म्हाराजा!" आता नितेश सरही.

"आनि ह्या अद्नानच्या कामात जी काय आडकाठी आसल, ती बारा वाटांनी घालव रे म्हाराजाऽऽ"

"होय म्हाराजा!" हा मी.

"आमीन!" हे जिन्याखालून, चाची.

चार मिनिटांत सभा संपली. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, सगळं त्यात आलं होतं, आणि चाचीने पहिल्यांदाच आम्हाला बसायला सांगितलं नाही. देवाच्या नावाने उभं राहिलेलं तिला चालत होतं. नितेशच्या नावाने नव्हतं. त्या दिवसापासून रोज गाऱ्हाणं. माझ्या कामातली आडकाठी रोज बारा वाटांनी जायची आणि संध्याकाळपर्यंत तेराव्या वाटेने परत यायची, कारण ती आडकाठी म्हणजे मला काम समजलंच नव्हतं. पण हे सभेत सांगायला मी धजलो नाही. सगळ्यांना समजलेलं आहे असं मला वाटत होतं. पुढे कळलं की सगळ्यांना तसंच वाटत होतं.

पहिला स्प्रिंट संपला आणि मी सीडी घेऊन लोट्याला निघालो. कोर्स ऑनलाइन खरा, पण लोट्याला इंटरनेट फक्त मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये, आणि साहेब मुंबईत. एसटीने तीन तास. गेटवर रावजी नावाचा वॉचमन होता. त्याने सीडी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

"काय हाय?"

"सीडी. सुरक्षिततेचा कोर्स."

त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं: गोल वस्तू, एक. परत नेणेची.

आत दमयंती मॅडमनी किटली पाहिली. दोनदा कप भरला. मग चष्मा काढून म्हणाल्या, "छान आहे. व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"तो तिसऱ्या स्प्रिंटमध्ये, मॅडम."

"आणि ॲसिड?"

"ॲसिड अजून 'चाललं आहे' मध्ये आहे."

मॅडम बऱ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, सीडी ठेवून जा, मी चार लोकांना दाखवते. मी ठेवली आणि गेटवर आलो. रावजीने रजिस्टर काढलं. "गोल वस्तू?"

"आत राहिली."

"मग तुमीपन आत ऱ्हा. परत नेणेची लिवलाय."

सीडीचं रूपांतर 'न परत नेणेची' मध्ये करायला स्टोअर्सची सही लागते, आणि स्टोअर्स म्हणाले, आम्ही मागवलेली नसताना वस्तू आत आलीच कशी? अडीच तासांनी मी सीडी परत घेतली आणि शेवटची एसटी कशीबशी पकडली. दुसऱ्या खेपेला शहाणपणाने दोन सीडी नेल्या. रावजीने 'गोल वस्तू, दोन' लिहिलं. असं करता करता सप्टेंबर उजाडला तरी आमचा कोर्स लोट्यात एक तासाहून जास्त कधी राहिला नव्हता. जो कोर्स कामगारांनी केव्हाही, कुठेही शिकावा असा होता, तो फक्त मी तिथे असताना, माझ्या हातून, शिकता येत होता.

मॅडमचे चार लोक मग कॉरिडॉरमध्येच माझी वाट पाहत. प्रत्येकाला दुरुस्ती हवी असायची, आणि आमच्या पद्धतीत दुरुस्तीचं स्वागत करायचं असतं. कोर्समध्ये एक माणूस होता, त्याचं नाव आम्ही सुरक्षाराम ठेवलं होतं. अकाउंट्सवाले म्हणाले, तो हसरा करा. सेफ्टी कमिटी म्हणाली, ॲसिडजवळ हसणारा माणूस आम्ही कामावरून काढतो. योगिनीने त्याला डावीकडून हसरा आणि उजवीकडून गंभीर केला. हेल्मेट पिवळं केलं तर तो ठेकेदाराचा ठरला, पांढरं केलं तर अधिकारी ठरला आणि युनियनने विचारलं, अधिकारी व्हॉल्व्हला हात कधीपासून लावायला लागले? शेवटी सुरक्षाराम व्हॉल्व्हकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे नक्की कोण आहे ते कळायला नको.

प्रत्येक स्प्रिंटनंतर आणखी एक सभा असते, काय चुकलं ते मोकळेपणाने सांगायची. पुण्याच्या गुरूने सरांना बजावलं होतं की सुरुवातीला लोक लाजतात, त्यांना बोलतं करावं लागतं. रत्नागिरीत! सभा सकाळी अकराला सुरू झाली. माझ्या मजकुरापासून निघालेला विषय योगिनीच्या रंगांवरून सरांच्या पुणेवारीवर गेला, तिथून गिलाव्यावर, आणि मग गिलाव्याचं ऐकून चाची वर आली ती पाण्याच्या टाकीचं चौऱ्याण्णव सालापासूनचं सगळं घेऊन. दिवेलागणीला सखाराम म्हणाले, "आता ऱ्हायलेला उद्या." सरांनी ती सभा त्यानंतर घेतली नाही. गुरूला त्यांनी पत्र लिहिलं की आमचे लोक अजून लाजतात.

गणपतीत पाच दिवस स्प्रिंट थांबवायचा की नाही, ह्याबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं. थांबवायचा विचार करेपर्यंत माडीवर मी एकटा उरलो होतो, म्हणून थांबला.

रोजे सुरू झाले होते. अब्बा रोज इफ्तारला खजूर पुढे करत विचारायचे, "कायम केला?" मी म्हणायचो, तिसरा स्प्रिंट चालू आहे. अब्बा म्हणायचे, "चुलत्याचा फोन होता. व्हिसा लागला." मग पाण्याचा घोट घेऊन, "कुवेतला गोदामात एसी हाय." आमच्या घरात धमकी अशी थंडगार मिळते.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी अखेरचं प्रात्यक्षिक ठरलं. मुंबईहून मोठे साहेब येणार. ट्रेनिंग हॉलमध्ये निम्मे पहिल्या शिफ्टचे सुटलेले लोक, निम्मे दुसऱ्या शिफ्टला चढणारे. दुपारी तीनला. आम्ही सगळे गेलो: सर टाय लावून, योगिनी, सखाराम आणि मी, तोंड कोरडं पडलेलं, अर्धं रोज्याने आणि अर्धं कुवेतने. रावजीने 'गोल वस्तू, एक. माणसे, चार' लिहिलं. सखाराम चिडले. "मेल्या, माला वळखत नायस?" रावजी म्हणाला, "तुमी आता भायरचे."

साहेब पहिल्या रांगेत बसले. मॅडमनी प्रस्तावना केली. सरांनी सीडी आत सरकवली. पडद्यावर सुरक्षाराम अर्धा हसला.

आणि वीज गेली.

प्लँटला जनरेटर होता. ट्रेनिंग हॉल प्लँटमध्ये मोडत नव्हता. पंखे थांबले. चाळीस माणसं घड्याळाकडे पाहू लागली. साहेबांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे मला स्पष्ट गोदाम दिसत होतं.

सखाराम उठले. वीज नाही, माणसं खुर्च्यांवर, आणि कोणी बोलत नाही. त्यांना पुन्हा ते सहन झालं नाही.

"उठा रे सगळे. उबे ऱ्हा."

चौतीस वर्षांचा आवाज तो. चाळीस माणसं उठली. साहेबही अर्धे उठले. सखारामांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. पण साहेबांकडे लक्ष गेलं, तशी त्यांनी देवाला वगळलं आणि थेट समोरच्या एका पोरसवदा ऑपरेटरला धरलं.

"बाळा. तू सुटलंस मघाशी. काय केलंस आज?"

बाळा भांबावला. "दोन नंबरच्या ॲसिडच्या पंपाचा काम."

"ऱ्हायलाय काय?"

"तां... पाइप खोलून ठेवलाय, काका. जोडायचा हाय."

"आनि आडचन?"

बाळाने मॅडमकडे चोरून पाहिलं. "'पंप चालू करू नये' ही पाटी लावायची ऱ्हायली. लावनार होतो, तेवड्यात कोर्सला बोलावला."

मग मागच्या रांगेतून दुसऱ्या शिफ्टचा हरिश्चंद्र, आडवा उभा गडी, बारीक आवाजात म्हणाला, "मी हयतून जाऊन पयला पंपच चालू करनार होतो."

मॅडमनी आधी दोघांना पाटी घेऊन पळवलं. ते पळत गेले, पळत आले, आणि दारातून मान हलवली. तेव्हा कुठे सगळे बसले. साहेब मात्र उभेच होते. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि नितेश सरांना विचारलं, "हे जे आता झालं, ते तुमच्या कोर्समध्ये कुठे आहे?"

सरांनी तोंड उघडलं. पुण्याचे दोन्ही दिवस त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेले मला दिसले.

"साहेब," मी म्हणालो, "हाच कोर्स आहे. बाकीचं भारनियमन आहे."

मी हे विनोदाने म्हटलं नव्हतं. मला खरोखरच त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. साहेब सखारामांकडे वळून म्हणाले, "पुन्हा एकदा करा. सगळ्यांना विचारा." सखारामांनी विचारलं. बरोबर पाऊण तास लागला. त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या चुकल्या, पण साहेबांनी तो वेळ फुकट गेला असं म्हटलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेबांनी हुकूम काढला की प्रत्येक शिफ्ट बदलताना सगळ्यांनी उभं राहून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. पण हेड ऑफिसला ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्रही हवंच होतं. तेव्हा आम्ही कोर्स नव्याने केला. त्यात एकच पान आहे. पानावर तीन प्रश्न, आणि खाली, 'पुढे' लिहितात त्या जागी, एक बटण: होय महाराजा. किटली योगिनीने हट्टाने कोपऱ्यात ठेवली. सुरक्षाराम गेला. आमच्या सगळ्या स्प्रिंटमध्ये मिळून एवढं लवकर काही झालं नव्हतं. दुपारी सुरू केलं आणि संध्याकाळची वीज जायच्या आत संपवलं. भिंतीवर त्याची चिठ्ठीसुद्धा नाही.

काम पास झालं. ईदच्या दोन दिवस आधी मी कायम झालो. पत्रात एक ओळ जास्त होती: तीन प्रश्न नीट विचारले जातात की नाही हे पाहण्यासाठी आमचा एक माणूस लोट्याला राहील. योगिनीला चित्रं काढता येतात, हे मी आधी सांगितलंच आहे. म्हणजे रत्नागिरी सुटू नये म्हणून पाच महिने झगडलो आणि लोट्यात खोली घेतली.

पत्र अब्बांपुढे ठेवलं आणि नोकरीत काय करायचं ते भीत भीत सांगितलं. अब्बा खजूर चघळायचे थांबले.

"सुटणाऱ्याने सांगायचा, काय केला, काय राहिला, काय बिघडला?"

"होय."

"बोटीवर वॉच बदलताना आमी हेच करायचो. तीस वर्षां." मग खजुराची बी ताटलीत ठेवत, "हे शिकायला तुझा सर पुण्याला गेला?"

अब्बांनी फोन उचलला आणि कुवेतला सांगितलं, "पोरगा येत नाय. वॉच सांभाळतो." गेल्या पाच वर्षांत माझ्याबद्दल कोणाला काही सांगताना त्यांचा आवाज एवढा मोठा झालेला मी ऐकला नव्हता. कुवेतपर्यंत पोचायला एवढा लागत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

सखाराम ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी तीनला शिफ्ट बदलली, दोन्ही शिफ्टचे लोक आवारात उभे. रावजीही गेट सोडून आलेला. सखारामांनी सगळ्यांना विचारून घेतलं, आणि मग माझ्यासमोर येऊन थांबले.

"अद्नान. आता हां तुज्या ताब्यात. आदी माला सांग. काय केलंस?"

"कोर्स केला, काका."

"ऱ्हायलाय काय?"

"काही नाही."

"आनि आडचन?"

पाच महिने पोटात दाबलेलं होतं. म्हटलं, आता नाही तर कधी. "काका, ॲजाइल म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही."

सखारामांनी टोपी सारखी केली. हात जोडले. त्यांनी अजून तोंड उघडलंही नव्हतं, पण चाळीस माणसांनी वाट पाहिली नाही.

"होय म्हाराजा!"